तेल प्यालेले टायर

बढाई मारायला हरकत नाही, पण ती व्याह्याच्या पंगतीत मारू नये. शेजाऱ्यापाशी मारलेली बढाई दोन पावसांत धुऊन जाते. व्याही मात्र ती बियाण्यासारखी जपून ठेवतो आणि बरोबर हंगामात काढतो.

नंदुरबारच्या एका जिनिंग फॅक्टरीतले हेडक्लार्क पितांबर नाना यांना हे ज्ञान फार उशिरा झाले. लेकीच्या, म्हणजे कमलच्या लग्नात, कळसाडीचे व्याही मगन पाटील जेवता जेवता आपल्या बैलांचे कौतुक करत होते. बैल असे पळतात, तसे वळतात, तापीची वाळू त्यांना अंगण वाटते. ऐकून ऐकून नानांना राहवले नाही. ते म्हणाले, "पाटील, बैल तुमच्याकडेच राहू द्या. कमलला पहिल्या आखाजीला आणायला आमच्याकडून मोटारलॉरी येईल." पंगतीतले हात क्षणभर थांबले. नानांना ते फार बरे वाटले.

लॉरी नानांची नव्हती, फॅक्टरीची होती. शेठना विचारलेले नव्हते. पण तेव्हा लॉरीला निदान टायर तरी होते.

मग लढाईने रबर गिळायला सुरुवात केली. एकेक टायर फाटत गेला आणि नवा टायर बाजारात उंबराच्या फुलासारखा झाला. फाल्गुन उजाडला तेव्हा लॉरी शेडमध्ये दगडांवर उभी होती आणि तिच्या पोटाखाली वॉचमनची कोंबडी अंड्यांवर बसली होती.

आता आखाजी म्हणजे काय, ते खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात तिचा मान दिवाळीहून मोठा, कारण तो लेकींचा सण. लेकीने माहेरी यायचे, झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसायचे, गाणी म्हणायची, आंब्याचा रस आणि तेलात तळलेल्या सांजोऱ्या खायच्या. पण लेक आपली आपण येत नाही. माहेराहून तिला न्यायला माणूस यावा लागतो. याला मूळ लावणे म्हणतात. पहिल्या आखाजीला ज्या मुलीचे मूळ येत नाही, तिला पुढे सासरी कोणीही, अगदी धाकटा दीरसुद्धा, दोन शब्द ऐकवू शकतो.

चैत्रात कळसाडीचा एक माणूस निरोप घेऊन आला. त्याने पाणी प्यायच्या आधी निरोप सांगितला, यावरून तो वाटेत पाठ करत आला असावा.

"मगन पाटीलनी सांगेल शे, लॉरी उनी ते सून धाडसू. बैलगाडी उनी ते बैलेसले चारा देसूत, गाडीवानले जेवाडसूत, आनि रिकामी गाडी वापस धाडसूत."

भिकुबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. माणूस गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तोंड तुम्ही उघडं व्हतं. आते निस्तरा बी तुम्हीच. मन्ही पोर आखाजीले आठे पाहिजे."

नाना अडचणीत सापडले की शुद्ध बोलत. घरात अहिराणी आणि संकटात कचेरीतली भाषा, असा त्यांचा रिवाज होता. ते म्हणाले, "याबाबत योग्य ती तजवीज करण्यात येईल." भिकुबाईंनी ओळखले की माणूस घाबरला आहे.

शेठनी लॉरी द्यायला नकार दिला नाही. ते म्हणाले, "मेहताजी, टायर लावो ने लॉरी ले जावो. पण टायर पछी फॅक्टरीना. सस्ता अने टकाऊ जोइये." टायर नंतर फॅक्टरीचेच राहायचे होते, तेव्हा एकच टायर स्वस्त आणि टिकाऊ कसा असावा, हा प्रश्न शेठनी नानांवर सोपवला आणि ते पान खायला लागले.

पहिली धाव टायरच्या परवान्यासाठी धुळ्याला. तिथल्या साहेबांनी अर्ज नीट वाचला. अर्ज नानांच्या अक्षरात होता, त्यामुळे वाचायला त्यांना त्रास झाला नाही. मग ते म्हणाले, "जुने टायर हजर करा. ते खरोखर निकामी झाले आहेत हे पाहिल्याशिवाय नवे मिळणार नाहीत."

नाना नंदुरबारला परत आले आणि त्यांनी लॉरीचा ड्रायव्हर जहीर याला जुन्या टायरांविषयी विचारले. जहीर शांतपणे म्हणाला, "ते ते शब्बीरचाचाले दिनात ना. शेठनीच सांगं व्हतं."

शब्बीरचाचा म्हणजे जोडे शिवणारा शब्बीर. त्याच्या दुकानाच्या फळीवर बसून नानांनी टायर परत मागितले. शब्बीरने हातातली आरी खाली ठेवली, रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाला, "वो क्या जा रहे, नाना."

रस्त्याने एक तेली चालला होता, त्याच्यामागे एक हमाल, हमालामागे शाळेचा शिपाई. तिघांच्या पायांत जाड काळ्या तळव्याच्या चपला होत्या. फॅक्टरीची लॉरी अर्ध्या नंदुरबारच्या पायांत फिरत होती. नानांनी खाली पाहिले. त्यांच्या स्वतःच्याही पायांत तीच होती.

दुसऱ्या कोणी तिथेच नाद सोडला असता. पण नाना हेडक्लार्क होते. साहेबांनी जुने टायर हजर करा म्हटले होते. अख्खे हजर करा असे म्हटले नव्हते. ऐन चैत्राच्या उन्हात त्यांनी ओळखीच्या माणसांच्या पायांतल्या चपला दोन दिवसांच्या बोलीवर मागून घेतल्या, पोत्यात भरल्या आणि धुळ्याच्या कचेरीत साहेबांच्या टेबलासमोर ओतल्या.

साहेबांनी एक चप्पल उचलली, उलटी केली, सुलटी केली. "यात टायर कुठला?"

"साहेब, सगळ्या मिळून."

साहेबांनी त्यांना फार सभ्यपणे बाहेर काढले. यापेक्षा ते ओरडले असते तर नानांना कमी लागले असते. परत आल्यावर चपला वाटताना जोड्या चुकल्या. पुढे कित्येक दिवस शाळेच्या शिपायाचा डावा पाय हमालाच्या चपलेत होता, आणि भर बाजारात लोक नानांना थांबवून आपला उजवा मागत.

आखाजी जवळ येत होती. शेजारचे जालमसिंग गिरासे रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन चौकशी करत. जालमसिंग म्हणजे सारंगखेड्याच्या बाजारात बैल पारखणारा माणूस. लांबून नुसती चाल पाहून तो बैलाचे वय, खोडी आणि आधीचा मालक सांगे. तोच एक दिवस बातमी घेऊन आला की खांडबाऱ्याला एका लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी दरीत गेली, माणसे वाचली, आणि तिचे टायर बाजारात विकायला आले आहेत.

"डोंगरमा चालेल टायर शेत, पितांबरभाऊ. डोंगरना बैल आनि डोंगरना टायर, दोन्ही टिकतस."

नाना, जहीर आणि जालमसिंग असे तिघे आगगाडीने खांडबाऱ्याला गेले. स्टेशनाबाहेर बाजार भरला होता. एका मोहाच्या झाडाखाली ठेकेदाराचा मुनीम बसला होता आणि त्याच्यापुढे टायरांच्या दोन राशी होत्या. एका राशीतले टायर काळेभोर, चकाकणारे, जणू कालच जन्मलेले. दुसऱ्या राशीतले राखाडी, भेगाळलेले, पण अंगाने जाडजूड. त्यांच्या पाठीवर बोट बुडेल अशा खाचा होत्या.

जहीरने दोन्ही राशींवर लोखंडी पहार आपटली आणि कान लावून ऐकले. काय ऐकू आले ते त्याने सांगितले नाही, कारण त्यालाही ते नक्की कळले नव्हते. जालमसिंगने एका टायरभोवती प्रदक्षिणा घातली, त्याच्या पाठीवर थाप मारली, वाकून आत पाहिले आणि दात पाहायला दात नाहीत म्हणून नाराज झाला.

"चालाडी दखाडा," तो मुनिमाला म्हणाला. चालवून दाखवा.

मुनिमाने टायर घरंगळवला. जालमसिंग डोळे बारीक करून पाहत राहिला. "डावा बाजूले झुकस. याले खोड शे."

नाना मात्र मनात हिशेब करत होते. इथे चूक झाली तर दुसरा बाजार नाही, दुसरा टायर नाही, आणि कळसाडीत कमल उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहील. ते दोन राशींच्या मध्ये उभे राहिले. चकाकणारे घ्यावेत तर भाव जास्त, पण दिसतात तरी नवे. भेगाळलेले घ्यावेत तर भाव उतरलेला, पण लोक म्हणतील, हेडक्लार्कने मढी आणली. विचार करता करता ते थकले आणि एका चकाकणाऱ्या टायरावर बसले. उठले तेव्हा जालमसिंग हसत होता. नानांच्या पांढऱ्या धोतरावर मागच्या बाजूला एक मोठे काळे वर्तुळ उमटले होते. ती चकाकी काजळीची होती.

असा निकाल लागला. नानांनी भेगाळलेले चार टायर आणि त्यांच्या ट्यूबा घेतल्या आणि धोतरावरचे वर्तुळ पिशवीने झाकत नंदुरबार गाठले. निवड अगदी बरोबर होती, हे मुद्दाम नोंदवून ठेवले पाहिजे. ते टायर तसेच ठेवले असते तर शेठना हवे तसे स्वस्तही ठरले असते आणि टिकाऊही. पण चांगली वस्तू घरात आली की तिची काळजी घ्यायची माणसाला हुक्की येते.

टायर अंगणात भिंतीला टेकवून ठेवले आणि सारी गल्ली त्यांच्या भेगा पाहून हळहळली. नानाही रात्री अंथरुणावर पडून त्या भेगांचाच विचार करत होते. तेव्हा त्यांना वडिलांची मोट आठवली.

मोट आता फार जणांनी पाहिलेली नसेल. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची ती कातड्याची मोठी पिशवी. उन्हाळ्यात ती वाळून तडकते. म्हणून शेतकरी तिला तेल पाजतो. नाना लहान असताना वडील दर उन्हाळ्यात मोट मांडीवर घेऊन तिला तेल चोळत, आणि तडकलेले कातडे दोन दिवसांत लोण्यासारखे मऊ होई. कातड्याच्या भेगा जर तेलाने जातात, तर रबराच्या का जाणार नाहीत? ब्राह्मणपुरी गावात वाढलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला यात काहीच चूक दिसेना.

सकाळी त्यांनी शब्बीरचा सल्ला घेतला. शब्बीरने आयुष्यभर कातडे हाताळले होते. तो ठामपणे म्हणाला, "तेल तो होनाच, नाना. सूखी चीज प्यासी रहती." जालमसिंग म्हणाला, बैलाच्या शिंगांनाही तेल लावतात. जहीर म्हणाला, मशिनला तेल लागतेच, टायर मशिनलाच जोडलेला असतो. इतके एकमत नंदुरबारात पूर्वी कधी झाले नव्हते.

मग मालीश सुरू झाली. फॅक्टरीतून आल्यावर नाना सदरा काढून अंगणात बसत आणि एकेक टायर मांडीशी घेऊन पैलवानासारखा रगडत. शेंगदाण्याचे तेल भेगांत जिरे आणि टायर आणखी मागत. दोन-तीन दिवसांत भेगा बुजल्या. टायर काळेभोर झाले, अंगाने भरले, बोटाने दाबले की लहान मुलाच्या गालासारखे आत जात. येणारा-जाणारा दाबून पाही आणि म्हणे, "बाळसं धरं बरं." मुंग्यांनी मात्र भिंतीपासून रांग लावली, आणि गल्लीतला कुत्रा रोज सकाळी एक टायर चाटून जाऊ लागला. नानांनी त्याचाही अर्थ चांगलाच लावला.

भिकुबाईंना अर्थ लागला तो डब्याचे झाकण उघडल्यावर. आखाजीच्या सांजोऱ्यांसाठी, लढाईच्या दिवसांत मोठ्या मुश्किलीने मिळवलेले तेल तळाला गेले होते. त्या अंगणात आल्या. नानांच्या कोपरापर्यंत तेल होते.

"आते सांजोऱ्या कसामा तयू?"

"सदर तेल लॉरीच्या कामी वापरण्यात आले आहे."

"मंग लॉरीलेच जेवाले बसाडा," भिकुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या नानांशी फक्त ताटाच्या आवाजातून बोलल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे लॉरी निघाली. कोंबडी पिलांसह हलवण्यात आली होती. शेठनी पेट्रोल दिले होते, जालमसिंगने नारळ फोडला, आणि नाना डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणे अशा थाटात जहीरच्या शेजारी बसले. काही वेळ सगळे सुरळीत चालले. मग ऊन चढले.

आधी आवाज आला. चर्र, चर्र, चर्र, जणू कोणी गुळाच्या काकवीतून पाय उचलत चालले आहे. मग खडे उडेनासे झाले, कारण ते टायरांना चिकटू लागले. मग वास सुटला. तापलेल्या रबरातून शेंगदाण्याच्या तेलाचा असा खमंग वास सुटला की रस्त्याच्या कडेची माणसे उठून उभी राहिली आणि भज्यांची गाडी कुठे आहे ते पाहू लागली.

"नाना," जहीर पुढे पाहतच म्हणाला, "टायर तयाई ऱ्हायनात."

धोतराचा सोगा नानांनी मुठीत धरला होता. परत फिरावे तर कमलचे मूळ चुकते. पुढे जावे तर कुठे थांबेल सांगता येत नाही. तेवढ्यात प्रकाशा गावाजवळ तापीचे पात्र आले.

उन्हाळ्यात तिथे पाणी गुडघाभर आणि वाळू मात्र अफाट. गाड्यांची चाके रुतू नयेत म्हणून मक्तेदाराने वाळूवर कपाशीच्या वाळलेल्या काटक्या, म्हणजे पऱ्हाट्या, अंथरून वाट केलेली होती. तो वाटेचे पैसे घेई आणि झावळ्यांच्या झोपडीत बसे. लॉरी वाटेवर चढली. आश्चर्य म्हणजे ती रुतली नाही. मऊ झालेले टायर वाळूवर पसरले आणि ती हत्तीसारखी डुलत चालली. नानांच्या जिवात जीव आला. तोच मागून आरोळी ऐकू आली. मक्तेदार काठी उगारून धावत येत होता.

नानांनी मागे वळून पाहिले. मागे वाट नव्हती. चिकट टायरांनी पऱ्हाट्या उचलून अंगाला गुंडाळून घेतल्या होत्या. चटईची वळकटी करावी तशी लॉरी वाट गुंडाळत चालली होती.

"मन्ही वाट कोठे लई चालनात?" मक्तेदार ओरडला.

"परत येताना जमा करू," नाना म्हणाले. जहीरने लॉरी थांबवली नाही, कारण थांबली तर पुन्हा निघेल याची त्याला खात्री नव्हती.

कळसाडीत सारे गाव पाराजवळ उभे होते. लॉरी आली तेव्हा तिच्या चारी चाकांवर काटक्यांची घरटी होती आणि गावभर तळणाचा वास पसरला. मगन पाटील नवा फेटा बांधून पुढे आले. त्यांनी चाकांभोवती फेरी घातली.

"व्याही, हाई कोनतं टायर शे?"

नाना खाली उतरले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "वाळूसाठी खास."

मगन पाटलांनी मान डोलावली. जेवणे झाली. कमल नव्या लुगड्यात, हातात गाठोडे घेऊन बाहेर आली. बापाला पाहून तिचे तोंड उजळले आणि चाके पाहून तिने पदर तोंडाशी धरला. मग मगन पाटलांकडून नानांच्या म्हशीला आहेर म्हणून सरकीची दोन पोती मागे चढवली गेली. नानांना वाटले, आता सुटलो. एवढ्यात मगन पाटील स्वतः पुढच्या बाकावर चढून बसले आणि त्यांनी फेटा सावरला.

"मी बी येस," ते म्हणाले. "सूनले पोचाडाले."

लॉरी मध्येच बसली तर लेकीसमोर बसली असती. आता ती व्याह्यासमोर बसणार होती.

परतीला तापीच्या काठावर मक्तेदार काठी टेकून उभा होता. वाट अंथरल्याशिवाय लॉरी सोडणार नाही, असे त्याने सांगितले. त्याचे खोटे नव्हते. मग नाना, जहीर आणि नव्या फेट्यातले मगन पाटील तिघे वाकून टायरांवरच्या पऱ्हाट्या सोलू लागले. हात चिकट झाले, फेटा चिकट झाला. निम्मी वाट अंथरल्यावर मक्तेदाराने काठी बाजूला घेतली, लॉरी पुढे निघाली आणि पात्राच्या बरोबर मधोमध आवाज झाला. फाट्.

मागचे एक चाक खाली बसले. ट्यूब इतकी फाटली होती की जहीरने ती उचलून तिच्या आरपार नानांकडे पाहिले. जवळ दुसरी नव्हती.

सूर्य कलला होता. शेजारून एकामागून एक बैलगाड्या जात होत्या, प्रत्येकीत माहेरी निघालेल्या लेकी, आणि त्यांची गाणी वाळूवरून ऐकू येत होती. एका गाडीवाल्याने बैल थांबवले. "पोरले बसाडी द्या ना गाडीमा. आम्ही नंदुरबारलेच चालनूत."

"नही," मगन पाटील म्हणाले. "लॉरीमाच जाई."

नाना उभे होते. त्यांची टोपी वाऱ्याने कधीच गेली होती, सदऱ्यावर तेलाचे हात उमटले होते, आणि व्याही तिथेच होता. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिले, एकदा कमलकडे. मग ते म्हणाले, आणि या खेपेला कचेरीतल्या भाषेत नाही:

"कमल, बस माय गाडीमा. मी उगाच बोलनू व्हतू पंगतमा. मन्हा तोंडले लगाम नव्हता, त्यामा तुन्ही आखाजी कसाले जावू द्यू?"

गाडीवाला थांबला. मगन पाटलांनी फेट्याचा शेव चाचपला. त्यांचे तोंड पडले होते.

"व्याही, तसं नही," ते हळू म्हणाले. "मी जलममा मोटरमा बसेल नव्हतू. बैल मन्हा चांगला शेत, पन मोटर ती मोटर. बठ्ठा कळसाडीले सांगीसन ऊनू, मी लॉरीमा नंदुरबार जाई ऱ्हायनू. आते बैलगाडीमा कसा जाऊ?"

जहीरने तोंड फिरवले, कारण त्याला हसू येत होते. कमल मागच्या फळीवर बसली होती. सासऱ्यापुढे बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून तिने बापाकडे पाहून सांगितले, पण ऐकू दोघांनाही गेले.

"दोन बापेसनी लाज राखाले मी काय तापीमाच आखाजी करू? ट्यूब नही ते नही. त्या पोतामा काय शे? भरा ना टायरमा."

जहीरने तिच्याकडे पाहिले, मग पोत्याकडे. टायरात गवत भरून लॉरी चालवल्याचे त्याने ऐकले होते. सरकीचे ऐकले नव्हते. पण सरकी गवतापेक्षा जड आणि घट्ट. त्याने चाक काढले. मगन पाटलांनी आहेराचे पोते स्वतःच्या हाताने उसवले, आणि म्हशीसाठी आणलेली सरकी मुठीमुठीने टायराच्या पोटात जाऊ लागली. नाना ती लाकडाने ठोकून बसवत होते. गाडीवाल्यानेही बैल सोडले आणि हात लावला. शेवटी जहीरने टायर रिंगवर दाबून बसवला. हवेशिवाय टायर पहिल्यांदा टणक लागला.

लॉरी निघाली. लंगडत, धापा टाकत, पण निघाली. मगन पाटील ताठ बसले होते आणि प्रत्येक गावाजवळ आले की बाहेर डोके काढून कोणी ओळखीचे दिसते का पाहत होते.

नंदुरबारची वेस आली तेव्हा जहीर म्हणाला, "नाना, मांगे देखा."

टायराच्या भेगा पुन्हा उघडल्या होत्या. लॉरीच्या वजनाखाली आत सरकी भरडली जात होती आणि भेगांतून तेल ठिबकत होते. घाण्यातून पडावी तशी तेलाची बारीक धार रस्त्यावर सांडत होती आणि तिच्याबरोबर भरडलेली सरकी. मागून गावात परतणाऱ्या म्हशी तिचा वास घेत चालल्या होत्या, म्हशींमागे शेळ्या, शेळ्यांमागे त्यांचे मालक आरडाओरड करत. अशी सारी वरात दिवेलागणीला नानांच्या दाराशी थांबली.

भिकुबाई भाकरीचा तुकडा घेऊन ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी लेकीवरून तुकडा उतरवला, व्याह्याला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि चाकाखाली साचणाऱ्या तेलाकडे पाहिले.

"मन्हं तेल वापस उनं का?" त्या म्हणाल्या. नानांशी त्यांचे बोलणे सुरू झाले ते असे.

सांजोऱ्यांचे तेल शेवटी जालमसिंगच्या घरून आले. मगन पाटलांनी दुसऱ्या दिवशी त्या भरपूर खाल्ल्या. एका सांजोरीला जरा रबराचा वास येतो, असे ते म्हणाले. पण तो त्यांच्या स्वतःच्याच हातांचा होता.

दुपारी शेठ लॉरी पाहायला आले. तीन चाकांना बोट लावून त्यांनी ते धोतराला पुसले आणि आणखीच चिकट झाले. चौथे चाक रिकामे होते.

"मेहताजी, टकाऊ टायर क्यां?"

नानांनी अंगणातल्या निंबाकडे हात केला. जहीरने सरकी काढून टायर दोराने फांदीला बांधला होता. वर गोणपाट टाकून त्यावर कमल बसली होती आणि झोका छपरापर्यंत जात होता. खाली मगन पाटील पुढचा नंबर आपला म्हणून उभे होते.

"टिकला की," नाना म्हणाले.